शिरीषकुमार स्मारक, नंदुरबार

'छोडो भारत' आंदोलनात 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या पाच जणांचे स्मारक. शहराच्या जुन्या बाजारपेठेतले हे ठिकाण शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता (जन्म 28 डिसेंबर 1926) याच्या नावाने ओळखले जाते.

त्यावेळी नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. गुजरातला लागून असलेल्या या गावात मराठी, अहिराणी, भिली आणि व्यापारी घरांतली गुजराती एकाच बाजारात कानावर पडते. शिरीष अशाच एका गुजराती व्यापारी घरातला. 9 ऑगस्टला पहाटे मुंबईत राष्ट्रीय नेत्यांची धरपकड झाली, त्याला बरोबर महिना होत होता. 9 सप्टेंबरला मुलामुलींची मिरवणूक निघाली. भारताचे निशाण झुकणार नाही अशा अर्थाची गुजराती घोषणा आणि 'वंदे मातरम्' यांनी रस्ता दुमदुमला. झेंडा शिरीषच्या हातात होता.

पोलिसांनी मिरवणूक अडवली. मुले हटली नाहीत. एका अधिकाऱ्याने मुलींवर बंदूक रोखली तेव्हा शिरीष पुढे झाला आणि मारायचे तर मला मार, असे त्याला म्हणाला, ही आठवण खानदेशात आजही सांगितली जाते. गोळ्या त्याच्या छातीत लागल्या. सोळावे वर्ष पूर्ण व्हायला साडेतीन महिने बाकी होते.

त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. ही चार नावे क्वचितच उच्चारली जातात. या नोंदीत ती मुद्दाम पूर्ण दिली आहेत, कारण मिरवणूक एकट्याची नव्हती.

एका नावामागे बाकीची नावे झाकली जाणे दक्षिण आफ्रिकेतही घडले. 16 जून 1976 रोजी सोवेटोत आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध शाळकरी मुले रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला उचलून धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र जगभर गेले, आणि ऑरलँडो वेस्टमधले स्मारक त्याच्याच नावाने उभे राहिले. हेस्टिंग्ज एनड्लोवूला मात्र हेक्टरच्याही आधी गोळी लागली असे मानले जाते. पाटण्यात वेगळी वाट निवडली गेली: 11 ऑगस्ट 1942 रोजी सचिवालयापुढे पडलेल्या सात विद्यार्थ्यांचे सात पुतळे देवीप्रसाद रायचौधरी यांनी एकाच शिल्पात घडवले.

नंदुरबारच्या गोळीबारानंतर सहा महिन्यांच्या आत, मार्च 1943 मध्ये, याच जिल्ह्यातल्या रावलापाणीला गुलाम महाराजांच्या आप पंथातील आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. शिरीषकुमारचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले; रावलापाणीचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे गेले नाही. नंदुरबारचे स्मारक पाहायला येणाऱ्याने तिथेही जायला हवे.