लोप नोरची धूळ

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी दुपारी तीन वाजता चीनने सिंकियांग प्रांतातील लोप नोरच्या वाळवंटात आपला पहिला अणुबाँब उडवला. शंभर मीटरहून थोड्या उंच मनोऱ्यावर तो ठेवलेला होता. त्याची शक्ती सुमारे २२ किलोटन होती, म्हणजे हिरोशिमावरच्या बाँबपेक्षा काहीशी जास्त. या बाँबचे सांकेतिक नाव होते ५९६. सोव्हिएत रशियाने कबूल केलेला नमुना-बाँब द्यायला ज्या महिन्यात नकार दिला, तो १९५९ सालचा जून महिना, सहावा!

अमेरिकेला स्फोटाचे आश्चर्य वाटले नाही. परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी दोनच आठवड्यांपूर्वी त्याची शक्यता जाहीर केली होती. आश्चर्य वाटले ते नंतर, विमानांनी गोळा केलेल्या धुळीच्या तपासणीत. चीनचा बाँब प्लुटोनियमचा असेल अशी तज्ज्ञांची अटकळ होती. धुळीत मात्र युरेनियम-२३५ च्या खुणा सापडल्या.

यात एवढे विशेष काय? खाणीतून मिळणाऱ्या युरेनियममध्ये २३५ भारांकाचे अणू जेमतेम ०.७ टक्के असतात, बाकी जवळपास सारे २३८ चे. दोन्ही एकच मूलद्रव्य असल्याने रासायनिक क्रियेने ते वेगळे करणे जवळजवळ अशक्यच. म्हणून युरेनियमचा फ्लोरिनशी संयोग करून वायू बनवतात आणि तो सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून ढकलतात. हलके रेणू किंचित अधिक वेगाने पार होतात. रेणुभार ३४९ आणि ३५२. वेग वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे : फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी येतो. त्यामुळे हीच क्रिया हजारो वेळा करावी लागते. त्यासाठी प्रचंड कारखाना हवा, भरपूर वीज हवी. लान्चौ येथील चीनचा कारखाना अंदाजापेक्षा बराच पुढे गेला होता, हे त्या धुळीने सांगितले.

अमेरिकेजवळ तेव्हा सुमारे तीस हजार अण्वस्त्रे होती. एका बाँबने बलाबल बदलले नव्हते. बदलले ते इतरांचे हिशेब. चीन उद्या कुठवर जाईल आणि त्याच्या पाठोपाठ कोण निघेल, या प्रश्नाला कोणाकडेच खात्रीचे उत्तर नव्हते.

आपल्याकडे १९६२ च्या युद्धाची जखम ताजी होती. २४ ऑक्टोबरला डॉ. होमी भाभा आकाशवाणीवर बोलले. अमेरिकन आकडेवारीच्या आधारे त्यांनी दहा किलोटनच्या स्फोटाचा खर्च साडेसतरा लाख रुपये सांगितला. हा आकडा फसवा होता. अणुभट्ट्या, कारखाने, क्षेपणास्त्रे यांचा खर्च त्यात नव्हता. पण लोकांच्या मनावर त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. ट्रॉम्बेला प्लुटोनियम वेगळे करण्याचा कारखाना त्याच वर्षी सुरू झाला होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी बाँबला नकार दिला, मात्र शांततामय स्फोटांच्या अभ्यासाची वाट मोकळी ठेवली. ती वाट १९७४ मध्ये पोखरणला पोचली.

असे देश वाढत जातील या धास्तीने अमेरिका आणि रशिया हे शत्रूही एकत्र आले. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारात १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट करणारे तेवढे अण्वस्त्रधारी ठरले. चीन रेषेच्या आत, भारत बाहेर. भारताने सही केली नाही.

चीनने मात्र पहिल्याच दिवशी ‘आम्ही प्रथम वापर करणार नाही’ असे जाहीर केले आणि कित्येक दशके साठा लहान ठेवला. २०२१ मध्ये उपग्रहचित्रांत युमेन आणि हामी येथे क्षेपणास्त्रांसाठी नवी भूमिगत कोठारे दिसली, शेकड्यांनी. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अंदाजाने चीनची अण्वस्त्रे २०२० मध्ये दोनशेच्या थोडी वर होती. २०२४ च्या मध्यापर्यंत ती सहाशेच्या वर गेली. चीन स्वतः आकडा सांगत नाही. कोठारे मोजता येतात. पण ती सगळी भरायची आहेत, की काही रिकामी ठेवून शत्रूला चकवायचे आहे, हे चित्रात दिसत नाही. वॉशिंग्टन असो की दिल्ली, योजना आखणारे ती भरलेलीच धरतात.