जोडकेळे आणि क्लोमिफीन

शहादा-तळोद्याकडील केळीच्या बागा आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. घडात जोडकेळे निघाले, तर ते सुनेला खाऊ देऊ नये, खाल्ल्यास जुळे होते, अशी आपल्या घरांतून समजूत असे. समजूत खोटी, पण तिच्यामागील भय खरे होते. पोटी दोन जीव आले की आईसह तिघांचे प्राण पणाला लागत.

जुळ्यांचा संभव खरोखर वाढविणारी वस्तू विसाव्या शतकात निघाली, ती प्रयोगशाळेतून. १९५६ साली अमेरिकेत फ्रँक पालोपोली यांनी क्लोमिफीन तयार केले. त्याने स्त्रीबीज पक्व होते, हे रॉबर्ट ग्रीनब्लॅट यांनी १९६१ मध्ये दाखविले आणि १९६७ मध्ये तिकडे त्याच्या विक्रीस परवानगी मिळाली. त्याच सुमारास दुसरे औषध निघाले, त्याचे मूळ मोठे नवलाचे. इटलीतील ख्रिस्ती मठांतल्या वृद्ध संन्यासिनींच्या मूत्रातून ते काढीत! ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या उपचाराने १९६२ साली त्यापासून पहिले मूल जन्मले. ब्रह्मचारिणींनी निपुत्रिकांच्या घरी पाळणा हलविला, असेच म्हणावयाचे.

ही औषधे बीजकोशाला जागे करतात. पण किती बीजे पिकवावीत, हे त्याला नेमके सांगू शकत नाहीत. एरवी महिन्याला बहुधा एक बीज पक्व होते. येथे दोन-तीनही होतात. म्हणून क्लोमिफीनने राहिलेल्या शंभर गर्भांपैकी पाच ते आठ जुळे असतात. इंजेक्शनांनी हे प्रमाण तिसापर्यंत जाऊ शकते आणि तिळ्यांचाही संभव वाढतो.

आपल्या देशात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी कलकत्त्यास १९७८ मध्ये अशाच औषधाने अनेक बीजे पक्व करून शरीराबाहेर गर्भ सिद्ध केला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी नळीतील गर्भाचे मूल जन्मले. पुढे यशाची आशा वाढावी म्हणून एकाहून अधिक गर्भ ठेवण्याची रीत पडली, जुळीतिळी वाढली. अखेर २०२१ चा कायदा आणि २०२२ चे नियम आले: एका वेळी किती गर्भ ठेवावेत, याला मर्यादा आली.

"मूलच नव्हते, तेथे दोन झाली तर बिघडले कोठे?" असे कोणी विचारील. बिघडते ते असे: निम्म्याहून अधिक जुळी दिवस भरण्यापूर्वी जन्मतात आणि वजनाला हलकी भरतात. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या काही पाड्यांवरून गरोदर बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागले आहे. तिथे दोन नाजूक जीव म्हणजे दुप्पट आनंद नव्हे, दुप्पट जोखीम.

गोळीला कायद्याचे असे माप घालता येत नाही. म्हणून ती शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नये. आधी नवऱ्याचीही तपासणी व्हावी आणि किती बीजे वाढत आहेत, हे डॉक्टरांनी सोनोग्राफीत पाहावे. सुनेच्या हातचे जोडकेळे काढून घेणाऱ्या सासूने एवढी सावधगिरी या गोळीबाबत बाळगली, तर तिची काळजी योग्य ठिकाणी पडेल.