हरणाच्या शिकारीसाठी स्लगची बंदूक : कमी खर्चात योग्य निवड

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात मक्याची आणि सोयाबीनची कापणी आटोपली, की हरणांच्या शिकारीचा अल्पकालीन हंगाम सुरू होतो. शिकार असते ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार हत्येमुळे त्या देशात ही हरणे जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरली होती. हंगामाची मर्यादा, परवाने आणि संरक्षण यांमुळे आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. शेतीप्रधान राज्यांत लांडग्यांसारखे नैसर्गिक शत्रू उरलेले नाहीत. त्यामुळे पिकांचे नुकसान आणि रस्त्यांवरील अपघात आटोक्यात ठेवण्यासाठी तेथील वन्यजीव खाती दरवर्षी शिकारीचे परवाने देतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणांची शिकार हा गुन्हा आहे. तेव्हा पुढील माहिती केवळ अमेरिकेतील परवानाधारक शिकारीपुरतीच आहे. मात्र गोव्यातील आणि सीमाभागातील अनेक कुटुंबांतील मुले आज ओहायो, इलिनॉय, न्यू जर्सी येथे राहतात आणि तेथील सहकाऱ्यांबरोबर हंगामात रानात जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर येतो. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील बारा बोरची बंदूक आपल्या खेड्यांना अनोळखी नाही. पण तिच्यातून छर्‍यांऐवजी एकच जड गोळी झाडण्याचे शास्त्र वेगळे आहे.

स्लग कशासाठी?

स्लग म्हणजे छर्‍याच्या बंदुकीतून सुटणारी एकच जाड गोळी. सपाट प्रदेश, विखुरलेली शेतघरे आणि दाट वस्ती असलेल्या अनेक राज्यांनी हरणांसाठी रायफलला मनाई करून स्लगचा मार्ग स्वीकारला. रायफलची गोळी काही मैल जाऊ शकते. बोथट, जाड स्लगचा वेग हवेच्या अवरोधाने लवकर मंदावतो, हा त्यामागील विचार.

तो पूर्णपणे निर्धोक मात्र नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यासाठी २००७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की जमिनीला समांतर झाडलेला स्लग जमिनीवर आपटून पुन्हा उसळतो आणि अशा वेळी त्याचा धोका रायफलपेक्षा कमी राहीलच असे नाही. हरणाच्या मागे मातीचा चढ किंवा टेकाड असल्याशिवाय चाप ओढू नये, हा नियम म्हणूनच स्लगलाही तितकाच लागू पडतो. मचाणावरून खाली झाडलेली गोळी जमिनीत रुतण्याची शक्यता अधिक असते, हा मचाणाचा एक मोठा लाभ.

बारा बोर की वीस बोर?

एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यांतील एका गोळीचा व्यास तो बारा बोर. वीस केल्या तर वीस बोर. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते. बारा बोरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, तर वीस बोरचा १५.६ मिलिमीटर. बारा बोरची काडतुसे सर्वत्र मिळतात आणि जुन्या बंदुकाही विपुल आहेत. पण स्लगचा धक्का जबर असतो. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना खांदा आक्रसला, की नेम चुकलाच. सडपातळ बांध्याच्या किंवा नवशिक्या व्यक्तीने वीस बोरचा विचार अवश्य करावा. योग्य अंतरावरील हरणासाठी त्याचा स्लग पुरेसा समर्थ असतो.

नळी आणि गोळीची जोडी

खर्चाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. स्लगचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात.

पहिला वर्ग गुळगुळीत नळीसाठीचा. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये आणि अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये असे स्लग तयार केले. बारा बोरचा नेहमीचा फॉस्टर स्लग एक औंसाचा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमचा असतो. त्याचे वजन पुढच्या टोकाला एकवटलेले असल्याने तो बॅडमिंटनच्या फुलासारखा तोंड पुढे ठेवून जातो. त्याच्या अंगावरील तिरप्या खाचा पाहून तो गरगर फिरत जात असावा असे वाटते. त्या खाचांचे खरे काम मात्र वेगळे आहे : नळीच्या तोंडाशी असलेल्या आकुंचनातून, म्हणजे चोकमधून, स्लगला दबून सुखरूप बाहेर पडू देणे. त्यासाठी मोकळा, म्हणजे सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर चोक योग्य. फुल चोकमधून स्लग झाडू नये.

दुसरा वर्ग सॅबो स्लगचा. यात लहान व्यासाची गोळी प्लॅस्टिकच्या आवरणात बसवलेली असते. नळीतील पीळदार आटे त्या आवरणाला पकडून गोळीला फिरकी देतात आणि नळीबाहेर आवरण गळून पडते. ही गोळी अधिक लांब आणि अधिक अचूक जाते. पण तिची किंमत साध्या स्लगच्या दुपटी-तिपटीची असते आणि आटे असलेली नळी तिला अनिवार्य असते. गुळगुळीत नळीतून सॅबो झाडल्यास तिला स्थैर्य मिळत नाही आणि पैसे वाया जातात. उलटपक्षी, आटे असलेल्या नळीतून फॉस्टर झाडत राहिल्यास आट्यांत शिसे साचून अचूकता घसरते. दुकानात विचारण्याचा पहिला प्रश्न म्हणूनच बंदुकीच्या नावाचा नसावा. ‘नळी आतून कशी आहे?’ हा असावा.

कमी खर्चाचे तीन मार्ग

पहिला मार्ग सर्वांत स्वस्त. घरात किंवा जुन्या बाजारात मिळालेली गुळगुळीत नळीची पंप बंदूक आणि साधे फॉस्टर स्लग. १९५० पासूनची रेमिंग्टन ८७०, १९६१ पासूनची मॉसबर्ग ५०० किंवा तिची स्वस्त बहीण मॅव्हरिक ८८ या बंदुका सहज सापडतात. नळीच्या टोकाला केवळ माशी असेल, तर पन्नास यार्डांच्या पलीकडे जाऊ नये. मागे-पुढे दृष्टिदर्शक असलेली नळी बसवल्यास हे अंतर पाऊणशे यार्डांपर्यंत नेता येते.

दुसरा मार्ग मधला. त्याच बंदुकीला आटे असलेली वेगळी नळी घ्यावी. मॉसबर्ग ५०० दोन नळ्यांच्या संचातही मिळते : एक पक्ष्यांसाठी, एक हरणांसाठी. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. पंप बंदुकीची नळी सुटी निघते आणि सांध्यात किंचित हलते. दुर्बीण बंदुकीच्या धडावर बसवली, तर नळी काढून पुन्हा लावताच नेम सरकू शकतो. नळीवरच घट्ट बसवलेल्या पट्टीवर दुर्बीण असेल, तर दोन्ही एकत्र राहतात. अधिक दाम देऊन घेण्यासारखी गोष्ट हीच.

तिसरा मार्ग खास स्लगसाठीच घडवलेल्या बंदुकीचा. सॅव्हेजची वीस बोरची २२० ही बोल्ट पद्धतीची बंदूक अचूकतेसाठी नावाजलेली आहे. तिची नळी धडाला पक्की जोडलेली असते. तीत दीडशे यार्डांच्या आसपासचा पल्ला शक्य होतो. पण दरवर्षी मोजके दिवस, तेही झाडीत साठ यार्डांवर बसणाऱ्याला इतका खर्च करण्याचे कारण नाही.

दुर्बीण घेताना मोठेपणाच्या आकड्याला भुलू नये. दीड ते चार पट पुरे. डोळा आणि काच यांतील अंतर मात्र साडेतीन इंचांपेक्षा कमी नसावे, नाहीतर धक्क्यासरशी दुर्बिणीची कड कपाळावर आदळते. जुनी बंदूक घेताना नळीतील पोचे, गंज आणि दस्त्यावरील चिरा तपासाव्यात. रिकाम्या बंदुकीची यंत्रणा अनेकदा मागेपुढे करून पाहावी.

वाचलेला पैसा काडतुसांवर

एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांनाही एकच स्लग मानवेल असे नाही. दोन-तीन प्रकारांची पाच-पाच काडतुसांची पाकिटे घेऊन, टेबलावर भक्कम आधार देऊन पन्नास यार्डांवर तीन-तीन गोळ्या झाडाव्यात आणि ज्या प्रकाराची भोके सर्वांत जवळ पडतील तोच निवडावा. पन्नास यार्डांवर नेम जुळवलेला फॉस्टर स्लग शंभर यार्डांवर सुमारे पाच इंच खाली पडतो, हेही लक्षात असावे.

त्यानंतर आधार काढून, रानात जसे बसाल तसे बसून सराव करावा. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांच्या ताटलीएवढा असतो. ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी त्या ताटलीत पडते, ती आपली मर्यादा. त्यापुढे झाडलेली गोळी म्हणजे पाय किंवा पोट फाटलेले हरीण मक्याच्या ताटांत जाऊन तासन्‌तास तडफडणार. महागड्या बंदुकीने ही मर्यादा वाढतेच असे नाही, सरावाने वाढते.

कायद्याची बाजू

विद्यार्थी किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी पुढील ओळी आधी वाचाव्यात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा या मनाईला असलेल्या अपवादांपैकी एक. मित्राची बंदूक घटकाभर हातात घेणेही ‘बाळगणे’ ठरू शकते. म्हणून परवाना आधी, बंदूक नंतर. चूक झाल्यास शिक्षेबरोबर त्या देशातील वास्तव्यही धोक्यात येते.

राज्यांचे नियमही भिन्न आहेत. इलिनॉयमध्ये रहिवाशाला शस्त्रधारकाचे ओळखपत्र लागते. १ जानेवारी १९८० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. बंदुकीतून सलग तीनपेक्षा अधिक स्लग झाडता येऊ नयेत, अशी अट आहे. आणि भडक नारिंगी किंवा गुलाबी वस्त्र अंगावर असणे बंधनकारक आहे. ओहायोने २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींनाही परवानगी दिली. अशा राज्यात नवी बंदूक घेताना तोही पर्याय किमतीच्या दृष्टीने ताडून पाहावा. हे नियम बदलत असतात. म्हणून प्रत्येक हंगामापूर्वी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू नियमपुस्तिका वाचणे आवश्यक आहे.