स्वीकारलेला देश आणि भाषांतरित गाणे : व्हेरिअर एल्विन यांच्या भारतीयत्वाचा शोध

देशांतराचा विचार साहित्याभ्यासात बहुधा निर्वासन, गमावलेली भूमी आणि तिचे स्मरण या अंगांनी होत आला आहे. ज्याने आपल्या आवडीने परका देश निवडला, तेथे आयुष्यभर काम केले आणि अखेर तेथेच देह ठेवला, त्याचा प्रवास याहून वेगळ्या वळणाचा असतो. ज्या भूमीला तो आपली म्हणतो, तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो, हा त्याच्यापुढील मुख्य प्रश्न होय. व्हेरिअर एल्विन (१९०२-१९६४) यांचे जीवन आणि लेखन या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष महत्त्वाचे ठरते. एल्विन यांनी भारत स्वीकारला, असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः त्यांच्या प्रेमाचा विषय मध्य भारतातील आणि पुढे ईशान्येकडील आदिवासी समाज हा होता. देशाच्या एका भागावरील प्रेम आणि संपूर्ण देशाचे नागरिकत्व यांतील ताण त्यांच्या साऱ्या लेखनाच्या मुळाशी आहे.

एल्विन यांचा जन्म इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. त्यांचे वडील सिएरा लिओनचे बिशप होते. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र यांचे शिक्षण घेऊन १९२७ च्या अखेरीस ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. आपल्या घराण्यातील माणसे हिंदुस्थानात काही मिळवण्यासाठी आली, तेव्हा कोणीतरी देण्यासाठी जावे, अशी प्रायश्चित्ताची भावना या निर्णयामागे होती. १९२८ च्या प्रारंभी साबरमती आश्रमात त्यांचा गांधीजींशी परिचय झाला आणि ते स्वातंत्र्य चळवळीचे उघड समर्थक बनले. जमनालाल बजाज यांच्या सूचनेवरून ते १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी गोंडांमध्ये राहावयास गेले. त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले असता, राजकीय चळवळीत भाग न घेण्याची हमी दिल्यावरच त्यांना परत येण्याची अनुमती मिळाली. ज्या देशाच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार ते करीत होते, त्या देशात राहता यावे म्हणून त्याच पुरस्काराला मुरड घालावी लागली. पुढे १९३५ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या चर्चशी असलेला संबंधही तोडला. अशा रीतीने मिशनरी आणि सत्याग्रही या दोन्ही भूमिका मागे पडल्या आणि करंजिया हेच त्यांचे घर झाले.

हे घर त्यांनी एकट्याने उभारले नाही. ख्रिस्त सेवा संघातील त्यांचे सहकारी शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती गृहस्थ प्रारंभापासून त्यांच्यासोबत होते. गोंड सेवा मंडळाची स्थापना, शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांचा आश्रम या कार्यात हिवाळे यांचा वाटा बरोबरीचा होता. 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' (१९३५) आणि 'फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स' (१९४४) या दोन गीतसंग्रहांवर दोघांचीही नावे आहेत. हिवाळे यांचा 'द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली' (१९४६) हा ग्रंथ त्यांच्या स्वतंत्र अभ्यासाची साक्ष देतो. तरीही वाङ्मयेतिहासात हिवाळे यांची नोंद 'एल्विन यांचे मित्र' एवढीच उरते. परक्या देशात रुजणाऱ्या माणसाला तेथील कोणीतरी हात देतो, आणि बहुधा तो हात देणाराच इतिहासाच्या समासात जातो.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने या गीतसंग्रहांचे महत्त्व मोठे आहे. करमा आणि ददरिया यांसारखी गाणी नृत्य, मेहनत आणि प्रणय यांच्या प्रत्यक्ष प्रसंगांशी बांधलेली असतात. ददरियात तर तरुण-तरुणींच्या सवाल-जबाबाला स्थान असते. या गाण्यांचे भाषांतर करताना एल्विन यांनी आर्थर वेली यांच्या चिनी कवितेच्या इंग्रजी भाषांतरांचा आदर्श समोर ठेवला. यमकाचा हट्ट सोडावा आणि मूळ प्रतिमेत पदरची भर घालू नये, अशी ही पद्धती होती. तिच्यामुळे गोंड गाणे आधुनिक इंग्रजी कवितेच्या वाचकाला कविता म्हणून वाचता आले. परंतु त्याच प्रक्रियेत गाण्याचा ठेका, गायकाचा आवाज आणि ऐकणाऱ्यांचा प्रतिसाद वगळला गेला. गाणे ज्यांचे होते, त्यांना ते ग्रंथरूपात वाचता येणारे नव्हते. एल्विन यांची आपुलकी खरी असली, तरी तिचा वाचकवर्ग मंडल्याबाहेरचा होता.

या आपुलकीला वैचारिक आव्हानही मिळाले. 'द बैगा' (१९३९) या ग्रंथात एल्विन यांनी बैगांच्या बेवर शेतीची बाजू मांडली. नांगराने धरणीमातेची छाती फाडणे बैगांना पाप वाटे, तर सरकारी वनखात्याने बेवरवर निर्बंध लादले होते. अशा समाजांना बाह्य आक्रमणापासून काही काळ संरक्षण द्यावे, हे त्यांचे म्हणणे होते. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात आदिवासींना 'मागासलेले हिंदू' ठरवून या अलगतावादाचा प्रतिवाद केला. हा वाद दोन विद्वानांपुरता मर्यादित नव्हता. भारत म्हणजे काय आणि त्यात आदिवासींचे स्थान कोणते, याविषयीचे दोन दृष्टिकोन येथे आमनेसामने आले. वनखात्याकडून आणि सावकारांकडून होणारी पिळवणूक एल्विन यांना जवळून दिसली, तर वसाहतकालीन वर्गीकरणाचा धोका घुर्ये यांनी ओळखला. एल्विन परके होते म्हणून त्यांचे म्हणणे बाद ठरत नाही, तसेच ते जंगलात राहिले एवढ्याने ते सिद्धही होत नाही.

एल्विन यांनी १९४० मध्ये कोसी या राजगोंड तरुणीशी गोंड रीतीने विवाह केला. १९४९ मध्ये तो न्यायालयीन घटस्फोटाने संपुष्टात आला. त्यानंतर त्यांनी परधान समाजातील लीला यांच्याशी विवाह केला. आदिवासी जीवनातील प्रेम आणि विवाह यांविषयी विस्ताराने लिहिणाऱ्या या लेखकाच्या आत्मचरित्रात कोसी यांचा उल्लेख मात्र अत्यंत त्रोटक आहे. रामचंद्र गुहा यांच्या १९९९ मधील एल्विन-चरित्राने या मौनाकडे लक्ष वेधले. हे मौन केवळ खाजगी म्हणून सोडून देता येत नाही. ज्या समाजाशी विवाहाने नाते जोडले, त्या समाजातील स्त्रीला स्वतःची बाजू लिहून ठेवण्याचे साधन नव्हते आणि ज्याच्या हाती लेखणी होती, त्याने ती थांबवली.

१९५४ मध्ये एल्विन यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. त्याच वर्षी ते ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार झाले आणि शिलाँगला स्थायिक झाले. 'अ फिलॉसॉफी फॉर नेफा' (१९५७) या ग्रंथात त्यांनी आपली पूर्वीची भूमिका बदललेली दिसते. आदिवासींना संग्रहालयातील वस्तूप्रमाणे जपू नये आणि बाहेरच्या लोंढ्यात बुडवूही नये, असा मध्यममार्ग तेथे मांडला आहे. पंडित नेहरूंच्या प्रस्तावनेने दुसऱ्या आवृत्तीत त्याला राज्यकर्त्याची मान्यता मिळाली. करंजियाचा एकाकी रहिवासी आता शासनाचा अधिकृत भाष्यकार झाला होता. १९६४ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. 'द ट्रायबल वर्ल्ड ऑफ व्हेरिअर एल्विन' या त्यांच्या आत्मचरित्राला १९६५ मध्ये इंग्रजी भाषेसाठीचा साहित्य अकादेमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.

हा पुरस्कार अर्थपूर्ण आहे. डोव्हरमध्ये जन्मलेल्या लेखकाचे इंग्रजी आत्मकथन येथे भारतीय साहित्य म्हणून स्वीकारले गेले. भारतीय साहित्याची ओळख जन्म आणि भाषा यांच्या आधारे करणाऱ्या व्याख्यांना त्यामुळे मर्यादा पडते. मात्र या स्वीकाराबरोबर एक ऋणही येते. एल्विन यांचे भारतीयत्व हिवाळे यांच्या सोबतीने, गोंड गायकांच्या गाण्यांनी आणि कोसी यांच्या घराने घडले होते. नागरिकत्वाचा कागद आणि पुरस्कार यांवर एकाचेच नाव असते. त्या नावामागील इतर आवाज पुन्हा ऐकण्यासाठी करमा-ददरियाच्या मूळ पाठांचे संकलन, हिवाळे यांच्या लेखनाचे पुनर्वाचन आणि गोंडी-परधान समाजातील आजच्या लेखकांनी केलेली चिकित्सा यांची जोड एल्विन-अभ्यासाला द्यावी लागेल.