झज्जर, अमरावती आणि आपला पाचवीचा वर्ग

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने कार्यालयातील जुनी कपाटे उघडली आणि शाळेची जनरल रजिस्टरे पहिल्यापासून चाळण्याचा योग आला. गुणवंतांच्या याद्या त्यातूनच तयार झाल्या. त्या याच अंकात अन्यत्र छापल्या आहेत. माझे लक्ष मात्र शेवटच्या, 'शेरा' या रकान्याने वेधून घेतले. तेथे क्वचित एखाद्या नावापुढे 'डाव्या पायाने अधू', 'ऐकू कमी येते', 'नजर मंद' अशी नोंद आढळते. लिहिणाऱ्या गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. मूल ओळखण्याची ती एक खूण होती, इतकेच. पण अशा नोंदी पहिल्या तीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. पंचक्रोशीत पोलिओने अधू झालेली मुले त्या काळी गल्लोगल्ली दिसत. ती कोठे शिकली? ज्यांना दाराशीच परतवले, त्यांचे रजिस्टर कोणतीच शाळा ठेवत नाही.

आपली शाळा सुरू झाली तेव्हा दिल्लीत कोठारी आयोगाचे काम चालू होते. डॉ. दौलतसिंह कोठारी अध्यक्ष आणि आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक सदस्य-सचिव. १९६६ च्या अहवालात या आयोगाने स्पष्ट म्हटले की, अपंग मुलांचे शिक्षण ही दयेची बाब नाही, तो शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग आहे. तत्त्व मोठे होते. वीस वर्षांनी गाठायचे उद्दिष्ट मात्र आयोगाने अगदी माफक ठेवले. १९७४ मध्ये केंद्राने एकात्मिक शिक्षणाची योजना आणली. पुस्तके, प्रवासखर्च, उपकरणे यांसाठी सर्वसाधारण शाळांना त्यातून साहाय्य मिळू शकत होते. आपल्या शाळेच्या जुन्या पत्रव्यवहारात या योजनेचे एकही कागदपत्र मला आढळले नाही. मागणी केली नाही, म्हणून मिळाले नाही.

यानंतर येते १९८५-८६ हे वर्ष, आणि तेथून ही हकिकत आपल्या अंगणात येते. ग्रामीण भागातील हुशार मुलांना निवासी, विनामूल्य व उत्तम शिक्षण मिळावे म्हणून केंद्र सरकारने नवोदय विद्यालयांचा प्रयोग केला. सुरुवातीला देशभरात केवळ दोन शाळा निघाल्या. एक हरियाणातील झज्जरला. ते गाव त्या वेळी रोहतक जिल्ह्यात होते. आज तो स्वतंत्र जिल्हा असून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. दुसरी आपल्या अमरावतीला. वऱ्हाडातल्या शिक्षकांना या गोष्टीचा किती अभिमान वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत नवोदय विद्यालये निघाली आणि पाचवीच्या वर्गात 'नवोदयचा फॉर्म' हा शब्द रुळला. आपल्या प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर निवड झालेल्यांची नावे आजही आपण कौतुकाने लिहितो. त्या फलकावर शेऱ्याचा रकाना नाही, आणि असता तरी तो कोराच राहिला असता.

७ फेब्रुवारी १९९६ पासून १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा अमलात आला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण, आणि शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान ३ टक्के जागा, असे त्याचे दोन मोठे आधार होते. गंमत अशी की, जागांचे हे ३९ वे कलम छापले गेले 'रोजगार' या प्रकरणात! ते नोकरीबाबतचे की प्रवेशाबाबतचे, हा वाद केरळातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ते विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचेच कलम आहे, हे न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. तोपर्यंत सहा वर्षे गेली होती. पाचवीतल्या मुलाच्या हिशेबात सहा वर्षे म्हणजे थेट दहावीचा निकाल.

त्या सहा वर्षांतलीच एक गोष्ट माझी आहे. १९९८ साली माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. त्यात एक मुलगी होती. पहिल्या बाकावर बसूनही तिला फळा नीट दिसत नसे, पण तोंडी गणितात तिच्याशी बरोबरी करणारा मुलगा वर्गात नव्हता. तिचे वडील नवोदयचा फॉर्म घेऊन आले. मी त्यांना म्हणाले, "भाऊ, वसतिगृहात हिचं कोण पाहील? रात्री-बेरात्री पडली-झडली तर?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तं राहू द्या, बाई." फॉर्म घडी होऊन खिशात गेला. कायदा येऊन दोन वर्षे झाली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी एम.ए., बी.एड. झालेली शिक्षिका होते. त्या माउलीसारख्या बापाने माझ्यापेक्षा अधिक विश्वास त्या मुलीवर ठेवला होता. मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका मागता येईल का, एवढेदेखील मी कोणाला विचारले नाही. ती मुलगी मैत्रिणींकडून धडे वाचून घेत आपल्याच शाळेतून दहावी झाली. आज ती हा अंक वाचणार आहे, आणि हा परिच्छेद तिच्या संमतीने लिहिला आहे.

पुढील वाटचाल प्रामुख्याने दिल्लीच्या न्यायालयांत झाली. सप्टेंबर २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील सरकारी व महापालिकेच्या प्रत्येक शाळेत किमान दोन विशेष शिक्षक नेमण्याचा आदेश दिला. पुढे खाजगी शाळांनाही अशा शिक्षकांची सक्ती झाली. २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यातील वंचित गटात अपंग मुलांचा समावेश झाला. तरीही दिल्लीच्या शाळाप्रवेशाच्या गर्दीत ती मागेच पडत. श्रवणदोष असलेल्या एका बालकाच्या पित्याने दाद मागितली. ३ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, या मुलांच्या ३ टक्के जागा इतर गटांच्या सोडतीत विरून जाऊ नयेत, आणि कोणत्या शाळेत कोणत्या सोयी आहेत याची नोंद करून मूल व शाळा यांचा मेळ शासनाने घालावा. मला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. तोवर 'हे मूल आमच्या शाळेत चालेल का?' असा प्रश्न शाळा विचारीत असत. आता शाळेलाच उत्तर द्यावे लागणार होते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने हेच देशासाठी सांगितले. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले गेले, त्यात अध्ययन अक्षमताही आली. पाठ्यक्रमात व परीक्षेत योग्य बदल करणे हे कर्तव्य ठरले. आज नवोदयच्या दोन तासांच्या परीक्षेत दिव्यांग परीक्षार्थींना ४० मिनिटे अधिक मिळतात. राखीव जागाही आहेत.

मग दार उघडले का? पालकहो, माहितीपत्रक एकदा बारकाईने वाचा. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. वयोमर्यादेत कोणत्याही प्रवर्गाला सवलत नाही. उच्च शिक्षणात दिव्यांगांना पाच वर्षांची सूट देणारा कायदा सहावीच्या प्रवेशाबाबत गप्प आहे. शस्त्रक्रियांमुळे दोन वर्षे उशिरा शाळेत आलेले मूल इथेच अडकते. आणखी एक बाब क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत, पण त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ग्रामीण शाळेतच पूर्ण झालेली असावी लागते. अंध व मूकबधिर मुलांच्या विशेष शाळा बहुतेक शहरांत आहेत. म्हणजे खेड्यातले जे मूल ब्रेल शिकण्यासाठी शहरात गेले, ते नवोदयच्या लेखी शहरी झाले! हा नियम कोणी दुष्टपणे केला असे मी म्हणत नाही. तो करताना हे मूल कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते.

परीक्षेतली मिनिटे कागदावर असणे आणि हाती पडणे यांतही अंतर असते. २०२१ च्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास केंद्रावर नाकारला गेला. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले व परीक्षा घेणाऱ्या संस्थेस उपाय शोधण्यास सांगितले. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. गेलेला तास परत देण्याची सोय न्यायालयाकडेही नाही.

पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. आपल्याकडे गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक येतात. त्यांच्या वाट्याला अनेक शाळा असल्याने ते पाळीपाळीने येतात. मनापासून काम करतात. पण जे मूल ४० मिनिटे अधिक मिळवून परीक्षा देणार, त्याला त्याआधीची पाच वर्षे वर्गात अधिक वेळ कोणी दिला होता का, हे विचारण्याचे ठिकाण दिल्ली नाही, झज्जर नाही आणि अमरावतीही नाही. आपल्या पाचवीच्या वर्गात गेल्या वर्षापर्यंत घटक चाचणीला सर्वांना एकच वेळ होती. हा दोष माझ्या कारकिर्दीतला आहे. यंदापासून ती वेळ बदलली आहे, आणि मोठ्या टंकातील प्रश्नपत्रिका कार्यालयातच छापल्या जातात.

या वर्षी नवोदयच्या अर्जात दोन मुलांच्या नावांपुढे दिव्यांगत्वाचा रकाना भरायचा आहे. एकाचे यूडीआयडी ओळखपत्र आले आहे. दुसऱ्याच्या आईला प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात तिसऱ्यांदा बोलावले आहे. येत्या बुधवारी तिची शेतातली मजुरी बुडणार, म्हणून शाळेचे लिपिक तिच्यासोबत जाणार आहेत, म्हणजे काम एकाच खेपेत उरकेल. अर्जाची मुदत संपायला अजून अकरा दिवस आहेत.