ताईंच्या वहीत काय लिहिलंय? बालवाडीतील निरीक्षणाचा इतिहास

मी मोठ्या माणसांचा डॉक्टर. मधुमेह, रक्तदाब, दमा हे माझे रोजचे विषय. तरीही बीपी तपासून झालं की आजी-आजोबा हळूच विचारतात, "डॉक्टर, नातू साडेतीन वर्षांचा झाला. हाक मारली तरी लक्ष देत नाही, बोलणंही कमीच आहे. काळजीचं काही नाही ना?"

अशा वेळी मी उलट विचारतो, "त्याच्या बालवाडीच्या ताई काय म्हणतात?"

बऱ्याच जणांना या प्रश्नाचं आश्चर्य वाटतं. आजार डॉक्टरांना कळणार, ताईंना कसा कळेल? पण विचार करा. दवाखान्यात मूल दहा मिनिटं असतं आणि त्यातली आठ मिनिटं ते आईच्या कुशीत तोंड लपवून रडत असतं. ताई त्याला रोज तीन-चार तास बघतात, तेही त्याच्याच वयाच्या वीस-पंचवीस मुलांमध्ये. ते कसं खेळतं, कोणाकडे बघतं, सांडलेलं पाणी पाहून काय करतं, हे त्यांना दिसतं. आणि त्यांनी ते लिहून ठेवलं असेल, तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

लहान मुलांकडे असं बघून नोंद करण्याची पद्धत कुठून आली, त्याचा इतिहास आज पाहू.

सुरुवात घरातल्या डायरीपासून

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्ल्स डार्विन आपल्याला माहीत आहेत. त्यांचा पहिला मुलगा विल्यम 1839 च्या डिसेंबरात जन्मला आणि डार्विन यांनी त्याच्याविषयी नोंदी ठेवायला सुरुवात केली. बाळ शिंकतं कधी, जांभई कधी देतं, तळपायाला कागद लावला की पाय कसा झटकन मागे घेतं, मेणबत्तीच्या ज्योतीवर नजर कितव्या दिवशी स्थिरावते (नवव्या दिवशी!), हे सगळं त्यांनी टिपलं. वर्षाचं झाल्यावर या बाळाने खाण्यासाठी स्वतःच एक शब्द तयार केला, 'मम'. आपल्याकडची बाळंही 'मंमं' म्हणतात, हे वाचून गंमत वाटते. या नोंदी डार्विन यांनी 1877 साली, म्हणजे जवळजवळ 37 वर्षांनी प्रसिद्ध केल्या.

त्यानंतर 1882 साली जर्मनीतील येना येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म प्रायर यांचं मुलांच्या मनाविषयीचं पुस्तक आलं. त्यांनी आपल्या मुलाचं पहिली तीन वर्षं, दिवसातून किमान तीनदा निरीक्षण केलं होतं.

या दोघांच्या कामाला एक मर्यादा होती. मूल एकच, तेही स्वतःचं आणि सुखवस्तू घरातलं. एका मुलावरून सगळ्या मुलांबद्दल काय सांगणार? त्यासाठी जिथे अनेक मुलं एकत्र येतात, तिथे जाऊन बघायला हवं होतं.

रोममधल्या डॉक्टरीणबाई

'माँटेसरी' हा शब्द आज आपण शाळेच्या पाटीवर वाचतो, पण मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर होत्या. 1896 साली त्यांनी रोम विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. सुरुवातीला त्यांनी 'मंदबुद्धी' म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी काम केलं. 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं. कामावर गेलेल्या आईबापांची साधारण पन्नास मुलं तिथे येत.

माँटेसरी वर्गात डॉक्टरच्या सवयी घेऊन गेल्या. मुलांचं वजन दर आठवड्याला आणि उंची दर महिन्याला नोंदवायची, ही त्यांची पद्धत. पण त्याहून मोठी सवय होती निदान करण्याआधी नीट बघण्याची. लाकडी दट्ट्या योग्य भोकांत बसवण्यात गुंगलेल्या तीन वर्षांच्या एका मुलीची त्यांनी लिहिलेली हकीकत प्रसिद्ध आहे. ती मुलगी तेच काम चाळीसहून अधिक वेळा करत राहिली. आजूबाजूला मुलं गाणी म्हणत होती, तरी तिचं लक्ष हललं नाही. लहान मुलांचं मन एका जागी टिकत नाही, असं तेव्हा सगळेच म्हणत. माँटेसरी यांनी वाद घातला नाही. त्या बाजूला बसून मोजत राहिल्या. त्यांच्या पुढच्या पद्धतीचा पाया अशा नोंदींवर उभा आहे.

काचेमागून पाहणारे डॉ. गेसेल

अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नल्ड गेसेल यांनी 1911 साली बालविकासाचं क्लिनिक सुरू केलं. ते आधी मानसशास्त्रज्ञ होते, नंतर 1915 साली डॉक्टर झाले. मुलाला आपण दिसू नये, पण आपल्याला मूल दिसावं, म्हणून त्यांनी एका बाजूनेच आरपार दिसेल असा पडदा वापरला. चित्रपटाच्या कॅमेऱ्याने हजारो फूट फिल्म काढली आणि एकेक चित्र थांबवून हालचालींचा अभ्यास केला.

मूल कोणत्या महिन्यात मान धरतं, कधी बसतं, कधी ठोकळ्यांचा मनोरा रचतं, याचे वयानुसार तक्ते त्यांनी तयार केले. आज बालरोगतज्ज्ञांच्या भिंतीवर विकासाच्या टप्प्यांचा जो तक्ता दिसतो, त्याच्या पूर्वजांमध्ये गेसेल यांचं काम आहे.

पण त्यांची मुलं मुख्यतः एकाच शहरातली, न्यू हेवनमधली होती. त्यांच्यावरून काढलेली सरासरी जगातल्या प्रत्येक मुलाला लावणं बरोबर नव्हतं. शिवाय 'सरासरी' या शब्दाचा अर्थ लोक चुकीचा घेऊ लागले. सरासरीच्या मागे असलेलं मूल म्हणजे आजारी मूल, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 साली जे निष्कर्ष दिले, त्यात आधाराशिवाय चालण्याचं वय 8.2 ते 17.6 महिने असं निघालं. केवढी मोठी मुदत आहे बघा! शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं पंधराव्या महिन्यात, तर दोघंही ठणठणीत असू शकतात.

केंब्रिजमधला ससा

1924 साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे माल्टिंग हाउस नावाची एक छोटी शाळा सुरू झाली. तिच्या प्रमुख होत्या सुझन आयझॅक्स. त्यांनी नोंदीची पद्धतच बदलली. टप्प्यांवर खुणा करण्याऐवजी त्या आणि त्यांचे सहकारी मुलांचं बोलणं आणि वागणं जसंच्या तसं लिहून ठेवत.

एकदा शाळेतला ससा मेला. तो खरंच मेलाय का, यावर मुलांची चर्चा झाली. पाण्यात ठेवला तर पुन्हा जिवंत होईल, असं कोणी म्हणालं, म्हणून मुलांनी तसं करून बघितलं. मग त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी तो आकाशात गेला की नाही, हे बघायला पुन्हा उकरलं! मोठ्या माणसाने हे पाहून 'घाण करू नका' म्हटलं असतं आणि विषय संपला असता. आयझॅक्स यांनी लिहून ठेवलं, म्हणून जगाला दिसलं की एवढीशी मुलंही शंका काढतात, तपासून बघतात आणि पुराव्यावरून मत बदलतात. 1930 आणि 1933 साली आलेल्या त्यांच्या दोन पुस्तकांत अशा नोंदी पानोपानी आहेत.

इथे आपल्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. काय दिसलं, हे लिहा. मूल कसं आहे, याचा शिक्का मारू नका.

समजा, ताईंनी वहीत लिहिलं, "हट्टी आहे, ऐकत नाही." यावरून घरी फक्त ओरडा बसेल. तेच त्यांनी असं लिहिलं, "मागून तीन वेळा हाक मारली, वळला नाही. समोर जाऊन बोलल्यावर लगेच आला. गोष्ट सांगताना माझ्या तोंडाकडे बघत असतो." हे वाचल्यावर कोणताही डॉक्टर आधी कान तपासायला सांगेल. मूल तेच, वागणं तेच. पहिल्या नोंदीने वर्ष वाया जातं, दुसरीने उपचार सुरू होतात. बोलणं शिकण्याच्या वयात ऐकू न येता गेलेला एकेक महिना महागात पडतो.

आपल्याकडे: अंगणापासून कुरणापर्यंत

हा प्रवाह आपल्याकडे आला गिजुभाई बधेका यांच्यामुळे. वकिली सोडून त्यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. तिथेच ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. स्वतः माँटेसरी 1939 साली भारतात आल्या.

ताराबाईंनी 1945 साली बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, हे पाहून 'या लोकांना शिक्षणाची आवड नाही' असा शिक्का मारणं सोपं होतं. या दोघींनी मुलांचा दिवस कसा जातो ते पाहिलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत पोचत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. मुलं गुरं राखायला जातात, तर शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. परदेशी साधनं परवडत नाहीत, तर खडे, शिंपले, पानं-बिया वापरल्या.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द भारतभर गेला. अंगणवाडी सेविका मुलाचं वजन करून रंगीत पट्ट्यांच्या तक्त्यावर ठिपका मांडते, ती आपल्याकडची सर्वांत परिचित नोंद. एका ठिपक्यापेक्षा ठिपक्यांची रेषा महत्त्वाची. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, तर मूल हडकलेलं दिसण्याआधीच ते कळतं.

वजनाइतकंच लक्ष बोलणं, ऐकणं, खेळणं याकडे हवं, हे सरकारी पातळीवर ठळकपणे आलं ते 2013 साली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तोही कोसबाडपासून फार दूर नसलेल्या पालघरला. यात जन्मजात दोष, आजार, पोषणातील कमतरता आणि विकासातील विलंब, या चार गोष्टींसाठी मुलं तपासतात. अंगणवाडीत हे पथक वर्षातून दोनदा येणं अपेक्षित आहे. उरलेले दिवस मुलाकडे बघायला ताईच असतात.

पालकांनी काय करावं?

1. पालकसभेत "अभ्यास कसा आहे?" एवढंच विचारू नका. "तो कोणाशी खेळतो? हाकेला वळतो का? आपलं म्हणणं कसं सांगतो?" हे विचारा.
2. ताईंनी काही वेगळं सांगितलं तर रागावू नका. "आमच्या घराण्यात सगळेच उशिरा बोलतात" म्हणून विषय झटकू नका.
3. घरीही तारीख टाकून दोन ओळी लिहा. मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा. डॉक्टरांना त्याची खूप मदत होते.
4. वर्षाचं बाळ नावाने हाक मारल्यावर बघत नाही, दीड वर्षाचं मूल चालत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा कोणत्याही वयात आधी येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. बोलण्याची तक्रार असेल तर श्रवण तपासणी आधी करा.
5. ही यादी घाबरण्यासाठी नाही. तपासणीनंतर सगळं ठीक निघालं, तर उत्तमच.

आणि ताईंना एक विनंती. वीस-पंचवीस मुलं सांभाळून, रजिस्टरं भरून लिहायला वेळ नसतो, हे खरं आहे. रोज सगळ्यांबद्दल लिहू नका. दिवसाला दोन मुलं निवडा, प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहा. पंधरवड्यात सगळा वर्ग होतो. एखाद्या दिवशी त्यातलीच एक ओळ आम्हा डॉक्टरांना नेमकं कुठे बघायचं ते सांगून जाईल.