स्वयंप्रतिरक्षित अवटुविकार आणि मधुमेह प्रकार २

शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवटु अर्थात थायरॉइड ग्रंथीवर आघात करू लागल्याने उद्भवणाऱ्या विकारांना स्वयंप्रतिरक्षित अवटुविकार म्हणतात. हाशिमोटो विकारात ग्रंथी हळूहळू निकामी होऊन संप्रेरके घटतात; ग्रेव्हज विकारात ती प्रमाणाबाहेर वाढतात. जपानी वैद्य हाकारु हाशिमोटो यांनी पहिल्या विकाराचे वर्णन १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. (बोलताना ‘मला थायरॉइड आहे’ असे सर्रास म्हटले जाते, ग्रंथी अर्थातच प्रत्येकाला असते.)

या विकारांचे मधुमेह प्रकार १शी असलेले नाते सरळ आहे. दोहोंचे मूळ स्वयंप्रतिरक्षेत असून काही जनुकीय घटकही सामाईक आहेत. प्रकार २ मात्र स्वयंप्रतिरक्षित विकारांत गणला जात नाही. तेथे मुख्य दोष इन्सुलिन-रोधाचा असतो. त्यामुळे येथील दुवा प्रतिपिंडांपेक्षा संप्रेरकांच्या कमी-अधिकपणात शोधावा लागतो.

कार्यकारणभाव

अवटु-संप्रेरके वाढली की यकृत अधिक ग्लुकोज रक्तात सोडते आणि इन्सुलिनचा निचराही लवकर होतो. परिणामी आटोक्यातील मधुमेह बिघडतो. संप्रेरके घटली की स्नायूंकडून ग्लुकोजचा वापर मंदावतो, इन्सुलिन-रोध वाढतो, रक्तातील कोलेस्टेरॉलही चढते. तथापि याच अवस्थेत इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकत असल्याने, ते टोचून घेणाऱ्या रुग्णाची रक्तशर्करा अचानक उतरण्याचा धोकाही असतो. नेदरलँड्समधील रॉटरडॅम अभ्यासात (२०१६) अवटुकार्य मंद असलेल्यांत, विशेषतः मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींत, पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण अधिक आढळले. असे निरीक्षण म्हणजे कारणाचा पुरावा नव्हे.

चाचण्यांतील गफलत

हा भाग सामान्यतः दुर्लक्षित राहतो. अवटुकार्य मंदावल्यास तांबड्या पेशी अधिक काळ जगतात, म्हणून ‘एचबीए१सी’ प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकते. अतिकार्यात उलट घडते. मधुमेही रुग्ण पायांच्या मुंग्यांसाठी घेत असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांत पुष्कळदा बायोटिन असते. काही चाचणीपद्धतींत त्यामुळे ‘टीएसएच’ खोटेच कमी येते आणि नसलेल्या अतिकार्याचा आभास होतो. म्हणून गोळ्यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. मेटफॉर्मिनही अवटुमंदता असलेल्यांत ‘टीएसएच’ किंचित खाली आणते.

निदानाचा प्रश्न

प्रकार २ म्हणून नोंद झालेल्या काही प्रौढांना वस्तुतः सावकाश वाढणारा स्वयंप्रतिरक्षित मधुमेह असतो. अशा रुग्णांत अवटुविरोधी प्रतिपिंडे अधिक प्रमाणात सापडतात. अवटुविकार असलेला, बांध्याने सडपातळ आणि गोळ्यांना दाद न देणारा रुग्ण असल्यास ‘जीएडी’ प्रतिपिंडांची तपासणी केली जाते.